सत्तेचाळीस नंबरच्या टोनवरचं नाव

महेबूब,

तुझ्या जनाज्यामागून चालताना मला पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं, हेवा होता. खोटं कशाला बोलू. तहसीलचे कारकून, लोह्याचे दोन कोतवाल, बँजो पार्टीवाले, गल्लीतला इस्त्रीवाला, आणि ज्याच्या सातबाऱ्यावरची चूक तू कधीकाळी मागे लागून दुरुस्त करून दिली होतीस असा एक म्हातारा. एका अव्वल कारकुनाच्या मागे एवढी माणसं? मी चालता चालता मनातल्या मनात माझ्या मयतीची यादी करून पाहिली. सुनंदाच्या माहेरचे सगळे धरले तरी तुझ्या निम्म्यावर अडकलो. मग खांदा द्यायला पुढे झालो तर पायातली चप्पल निसटली, ती शोधायला वाकलो, तेवढ्यात लोक तुला घेऊन पुढे गेले. म्हणजे शेवटच्या दिवशीसुद्धा मी तुझ्यामागे धावतच होतो.

तुझा चाळिसावा होऊन आज दोन दिवस झाले. तुला एक गोष्ट सांगायची राहिली होती, म्हणून लिहायला बसलोय. आणि परवा तुझ्या घरी कळलं की ती गोष्ट तुला केव्हापासूनच माहीत होती. माणसानं कबुलीसाठी इतक्या वर्षांनी तोंड उघडावं आणि समोरच्यानं "माहीत हाय" म्हणावं, याच्यासारखी फजिती नाही. त्यात समोरचा मेलेला असला तर भांडताही येत नाही.

सुरुवात पातेल्यापासून करतो, कारण माझी खोड तिथूनच सुरू झाली.

आमचं लातूरला गंजगोलाईच्या अंगाला भांड्यांचं दुकान. माझं काम गिऱ्हाइकाच्या भांड्यावर नाव घालायचं. विजेवर चालणारी ती लेखणी स्टीलवर टेकवली की टर्रर्र करायची, आणि अक्षर बदललं की तिचा सूर बदलायचा. माझं पहिलं वाद्य तेच. भूकंपानंतर किल्लारीकडच्या गावांना पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं होतं. मदतीची भांडी सगळ्यांना एकाच छापाची आलेली, त्यामुळे शेजारणी-शेजारणींत रोज अदलाबदल आणि रोज कटकट. शेवटी आमच्या मंडळींनी मला मशीन देऊन पाठवलं, की जा, ज्याच्या त्याच्या भांड्यावर नावं घालून ये.

तुमच्या शेडपाशी आलो तेव्हा तू मदतीत आलेला लोकरीचा कोट घालून भर उन्हात बसला होतास. मी हसलो. तू शांतपणे सांगितलंस की शर्ट धुवून वाळत घातलाय आणि शर्ट एकच आहे. माझं हसू तिथल्या तिथे वाळलं. तुझे वडील त्या ढिगाऱ्यात गेले होते हे मला नंतर दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं. तू कधी बोलला नाहीस, मीही विचारलं नाही.

अम्मी एक पातेलं घेऊन बाहेर आल्या. मी विचारलं, काय नाव घालू? त्या म्हणाल्या, आमचं नको, ज्यानं दिलं त्याचं घाल. मी म्हटलं, अहो, ट्रकातून आलंय, देणारा कोण, कुठला, कुणाला ठाऊक? तर म्हणाल्या, मग विचारून ये. देनेवाले का नाम लिये बगैर दाल गले से कैसे उतरेगी?

मी खरंच विचारायला गेलो होतो, महेबूब. टेंपोवाल्याला विचारलं, शेडच्या टोकाला बसलेल्या सरकारी माणसाला विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. परत आलो तर माझ्यापुढे भांड्यांची रांग, डोक्यावर ऊन, आणि अम्मी वाट पाहत उभ्या. नवीन मशीनवर हात बसावा म्हणून आम्ही रद्दी पत्र्यावर स्वतःचंच नाव गिरवत असू. तो हात आपोआप वळला. मी लिहिलं, दिगंबर.

अम्मींना मराठी वाचता येत नव्हतं. त्यांनी तुला विचारलं, काय लिहिलंय? तू वाचलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "दिगंबर." त्या माऊलीनं तिथेच हात वर करून दिगंबरसाठी दुवा मागितली. मी त्यांना थांबवलं नाही. दुसऱ्याच्या देण्यावर आपलं नाव घातलं की दुवा मिळते, हे मला त्या दुपारी कळलं. अशी चटक वाईट.

तुला भूकंपग्रस्ताच्या दाखल्यावर लोह्याच्या तहसीलमध्ये कारकुनी मिळाली. तू नांदेडला राहून रोज एसटीनं ये-जा करू लागलास, आणि रविवारी बँजो वाजवू लागलास. मी भांड्यांचं दुकान भावाला देऊन लातुरात रेकॉर्डिंगचा धंदा काढला, नाव ठेवलं दिगंबर डिजिटल. पाटीवर, माइकच्या दांडीवर, चहाच्या थर्मासवर, जिथे जागा दिसेल तिथे मी ते नाव घातलं. तेव्हा लातुरात क्लासेसचं पीक आलेलं. बारावीत नापास झालेला मी बारावीच्या क्लासच्या जाहिराती बनवू लागलो, हा विनोद फक्त तुलाच कळला होता.

तुला सांगायची गरज नाही, पण हे बाकीचेही वाचतील, म्हणून सांगतो. सिंथ म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातलं वाद्य. लाकूड नाही, तारा नाहीत, भाता नाही. पडद्यावर चित्रातली बटणं, आणि ती फिरवली की निघतो तो आवाज, म्हणजे आपल्या बोलीत टोन. मोठ्या कंपन्या ही वाद्यं विकतात. पण जगात काही येडी माणसं अशी आहेत, की ती घरी बसून असलं वाद्य बनवतात आणि जगापुढे ठेवून देतात, घ्या, वाजवा, लग्नात वाजवा, जाहिरातीत वाजवा, आमची काही हरकत नाही. मी त्यांना धर्मशाळेतली भांडी म्हणायचो. माझ्याकडे हैदराबादहून आलेली एक सीडी होती, तीत जगातली सगळी भारी वाद्यं कुलूप तोडून कोंबलेली. तुझ्याकडे फक्त धर्मशाळेतली भांडी.

आणि ती तरी सरळ घेशील? नाही. तू त्या प्रत्येक वाद्याबरोबर आलेला परवान्याचा कागद डिक्शनरी घेऊन वाचायचास. मग त्याची प्रिंट काढायची, दोन भोकं पाडायची, टॅगनं फाईलला बांधायची, आणि समासात निळ्या पेनानं शेरा मारायचा. 'व्यावसायिक वापरास मुभा आहे.' 'फक्त घरगुती वापर. लग्नात वाजवू नये.' असलं घरगुती वाद्य तू खरोखर लग्नात वाजवायचा नाहीस. मी वैतागून म्हणायचो, लातुरात येऊन कोण धरणार आहे आपल्याला? त्यावर तू एकदा म्हणालास,

"धरत न्हाईत म्हणून घेतलेलं अन् दिलं म्हणून घेतलेलं, एका पातेल्यात शिजतंय का दिगू?"

हा वाद आपण वीस वर्षं घातला. हरत मीच होतो, पण हरलो असं म्हणायला तयार नव्हतो, म्हणून वाद चालू राहिला.

माझ्या त्या सीडीनं मला काय दिवस दाखवला तोही लिहून ठेवतो, नाहीतर तू म्हणशील दिगूनं सोयीचं तेवढंच लिहिलं. एका क्लासच्या सरांना निकालाच्या दिवसांत ऑटोवरून फिरवायला जाहिरात हवी होती. मी चोरीच्या वाद्यावर जोरदार संगीत केलं. आता कुलूप तोडणाऱ्यानं कुलूप अर्धंच तोडलेलं. ते वाद्य थोडा वेळ वाजलं की मध्येच दोन सेकंद फुस्स करायचं, म्हणजे सायकलची हवा जावी तसं. मूळ जाहिरात छोटी होती म्हणून ते माझ्या कानावर आलंच नाही. पण सरांनी शेवटी पहिल्या आलेल्या पोरांची नावं घालायला लावली, लांबी वाढली, आणि भोंग्यातून गावभर सुरू झालं, जिल्ह्यात प्रथम, कुमारी अमुक अमुक, फुस्स. त्या पोरीचे वडील दुपारीच स्टुडिओत हजर. पाठोपाठ सर. मी घाबरून म्हणालो, सर, ते आतषबाजीचं आहे, रॉकेट सुटतंय. सरांनी डोळे मिटून पुन्हा ऐकलं आणि म्हणाले, मग बाकीच्या पोरांनी काय पाप केलंय? सगळ्यांच्या नावावर रॉकेट पाहिजे. मी पुढचे दोन दिवस प्रत्येक नावामागे हाताने फुस्स बसवत होतो.

ही हकीकत फोनवर सांगितली तेव्हा तू इतका हसलास की तुला ठसका लागला. मग म्हणालास, रविवारी नांदेडला ये, तुला एक भांडं देतो, फुस्स न होणारं.

त्या रविवारी तू मला ते वाद्य दाखवलंस, बेल्जियमच्या एका निवृत्त मास्तरानं बनवलेलं. आणि त्यावर तू स्वतः केलेला टोन ऐकवलास. दुपारची वेळ, पंखा फिरतोय, भाभींनी ठेवलेला चहा तसाच. तू एक पट्टी दाबून धरलीस. आधी काहीच नाही. मग लांबून, तापलेलं काहीतरी ताणत जावं तसा एक सूर उमलत आला, आणि त्याच्या पोटातून मधूनच टक्, टक्. गोडही नाही आणि कडवटही नाही. मी विचारलं, हे काय? तू म्हणालास, पत्रा. शेडमध्ये ऊन चढलं की पत्रा प्रसरण पावायचा आणि वाजायचा, तो. तू त्याचं नावही तेच ठेवलं होतंस, पत्रा.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून अम्मी उठून आल्या. पदर सावरला, आपल्या दोघांच्या मधून चालत गेल्या आणि अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. वर बघत.

तू पट्टी सोडलीस. बाहेर जाऊन त्यांना हाताला धरून आत आणलंस. म्हणालास, काही न्हाई अम्मी, मीच वाजवायलो होतो.

किती वर्षं झाली होती त्या पत्र्याला! पक्कं घर, वर स्लॅब, आणि तरी त्यांचे पाय आपोआप बाहेर गेले. मी तिथे बसून काय विचार करत होतो सांगू? की माझ्या संगीतानं आजवर एकही माणूस असा उठलेला नाही. म्हणजे उठून गेलेत पुष्कळ, पण वेगळ्या कारणानं. तुझ्या आईच्या डोळ्यांत भीती होती, आणि मला हेवा वाटत होता. माझ्या आयुष्यातला सगळ्यात लाजिरवाणा क्षण हा आहे. पुढे जे केलं ते याच्याच पोटातून आलं.

तुझी आणखी एक सवय होती, अम्मींची लावलेली. ज्याचं वाद्य घेतलं त्याला पत्र लिहायचं. फुलस्केपवर मराठीत लिहायचास, पावतीसारखं. 'आपण दिलेले वाद्य मिळाले. सुस्थितीत आहे. मुखेडच्या एका लग्नात वाजवले. आपले नाव आईस सांगितले. आपला विश्वासू, महेबूब.' ईमेल तुझ्याकडे नव्हता, इंग्रजी माझं जास्त बरं असा माझाच गैरसमज होता, म्हणून ती पत्रं मी इंग्रजी करून माझ्या पत्त्यावरून पाठवायचो. जगभरची माणसं तुला उत्तरं द्यायची. एकानं लिहिलं होतं की त्याच्या वाद्याबद्दल कुणी आईला सांगितलं असं पहिल्यांदाच घडलंय. ते उत्तर मी तुला वाचून दाखवताना माझा आवाज कोरडा का झाला होता हे तू विचारलं होतंस. मी सर्दी म्हणालो.

बेल्जियमच्या मास्तरालाही तू पत्र लिहिलंस आणि सोबत पत्रा पाठवलास, तुमच्या भांड्यात काय शिजवलं ते पाहा म्हणून. त्याचं उत्तर माझ्या पत्त्यावर आलं. त्याला तो टोन फार आवडला होता. वाद्याच्या पुढच्या आवृत्तीत तो कायमचा घालतो म्हणाला. पत्राखाली सही तुझी आणि पत्ता माझा, म्हणून त्याला दोनच गोष्टी पक्क्या हव्या होत्या, टोनचं नाव आणि बनवणाऱ्याचं नाव.

मी चहा मागवला. तो गार झाला. मग मी लिहिलं, माझं नाव दिगंबर, दिगंबर डिजिटल, लातूर. हा टोन मी बनवला. नाव, रॉयल टेंपल बेल.

पातेल्यावर हात आपोआप वळला होता असं मी म्हणू शकतो. इथे तसं म्हणता येत नाही. इथे एकेक अक्षर शोधून टाईप केलंय.

मला वाटलं होतं तुला कळणार नाही. पण तू प्रत्येक वाद्याची नवी आवृत्ती आली की घ्यायचास, हे मी विसरलो. काही महिन्यांनी दुपारच्या सुट्टीत तुझा लोह्याहून फोन आला.

"दिगू, त्या बेल्जियमच्या भांड्यात सत्तेचाळीस नंबरला पत्रा हाय."

"हो का? वा."

"पण त्यावर तुझं नाव हाय."

मी म्हणालो, अरे, ईमेल माझ्या नावाचा ना, त्यानं परस्पर माझंच नाव टाकलं असेल. तू म्हणालास, असंल. मी म्हणालो, आजच लिहितो त्याला. तू म्हणालास, बरं. मग म्हणालास, "देवळाची घंटा न्हाई रे ती." आणि फोन ठेवलास.

त्या दिवाळीला फराळाला आलास तेव्हा तू एकदा विचारलंस, लिहिलं का? मी म्हणालो, उत्तरच नाही आलं त्याचं. त्यानंतर तू कधी विचारलं नाहीस. मी मनात म्हटलं, सुटलो. विसरला गडी.

आणि मग तो टोन चालला ना. आपल्या दोन जिल्ह्यांत एकही क्लासची जाहिरात, एकही हळदीचं गाणं त्याच्याशिवाय होईना. लोक म्हणायचे, दिगंबरचा टोन लावा. एका क्लासच्या कार्यक्रमात सरांनी मला स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ दिलं, आमच्या लातूरचा टोन जगात गेला म्हणून. तू तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतास. मी तुझ्याकडे पाहायचं टाळत होतो आणि शाल सारखी खांद्यावरून घसरत होती. खाली उतरल्यावर तू ती नीट करून दिलीस.

त्याच्या पुढच्या वर्षी जूनमध्ये तू सायमाला घेऊन लातूरला आलास. पोरगी दहावीला चांगली निघाली होती, अकरावी-बारावीला लातूरच हवं. हॉस्टेलं पुष्कळ होती, पण तू थेट आमच्या दारात. गादीची वळकटी, पुस्तकांचं खोकं, आणि एवढंच वाक्य, सुनंदावहिनी, हिला दोन वर्षं सांभाळा. सुनंदाला तर आनंदच झाला. मला घाम फुटला. दोन वर्षं ती पोरगी माझ्या घरात जेवली, माझ्याच स्टुडिओच्या माडीवर बसून फिजिक्स घोकत राहिली, मला दिगूचाचा म्हणत राहिली, आणि खाली मी तिच्या बापाचा टोन माझा म्हणून लोकांना ऐकवत राहिलो. तिच्याशी मी इतका गोड वागायचो की सुनंदाला संशय यायचा, पोटच्या पोराला कधी विचारलं नाही ते हिला विचारतोय, की बाळा, पंखा वाढवू का. तू एकाआड एक रविवारी यायचास, तिच्यासाठी डबा आणि माझ्यासाठी कसला तरी नवा परवान्याचा कागद घेऊन. मी वाट पाहायचो, आज हा बोलेल. तू पंख्याखाली बसून म्हणायचास, हे भांडं बघ दिगू, यात सनईचं अंग सुरेख आलंय.

सायमा आता उदगीरला जनावरांची डॉक्टर आहे. त्यातही आमचा पोरगा मागे पडला. तो माझीच पाटी चालवतो.

परवा चाळिसाव्याला आलो. पोटभर जेवलो, लपवत नाही. खट्टी दाल मी तिसऱ्यांदा घेतली. वाढायला भाभींनी जे भांडं आणलं ते पाहून हात थांबला. बुडाला काळं पडलेलं, काठाला पोचा आलेलं, आणि त्या पोच्याच्या वर माझ्याच हातचं नाव. मी ओशाळून म्हणालो, भाभी, आमच्या भावाकडे मशीन आहे अजून, हे घासून काढून देतो. त्या म्हणाल्या, नको भाऊ. घरात सगळे त्याला दिगंबरचं पातेलंच म्हणतात. नाव काढलं तर मागायचं काय म्हणून?

जेवणं झाल्यावर सायमानं तुझी फाईल आणून माझ्या मांडीवर ठेवली. अब्बूंनी सांगून ठेवलं होतं म्हणाली, ही चाचाला द्या, त्याला इंग्रजी येतं.

मी ती उघडली. सगळे कागद ओळीनं, तुझ्या निळ्या शेऱ्यांसकट. सनईवाल्याचा परवाना, त्याला तू लिहिलेलं पत्र, त्याचं उत्तर. अर्ध्यात आलो आणि बेल्जियमचा मास्तर लागला. पण हे उत्तर मी कधी पाहिलेलं नव्हतं. ते तुझ्याच नावाच्या ईमेलवर आलं होतं. माझा पत्रा तुमच्या भांड्यात घेतलात म्हणून तू त्याला परत एकदा आभाराचं पत्र लिहिलं होतंस, आणि त्यानं उत्तर देताना जुना सगळा पत्रव्यवहार खाली जोडला होता, कोण बरोबर ते तुम्हीच मला सांगा म्हणून. सगळ्यात खाली माझं पत्र. हा टोन मी बनवला. रॉयल टेंपल बेल.

समासात तुझ्या निळ्या पेनानं लिहिलं होतं, 'वाचले. दप्तरी दाखल.' खाली सही आणि तारीख. मे महिन्याची. सायमाला माझ्या दारात आणलंस त्याच्या जेमतेम तीन आठवडे आधीची.

त्याच्या पुढचा कागद दुसऱ्याच कुठल्या तरी वाद्याचा परवाना होता. शेरा, 'मुभा आहे.'

मान वर केली तर सायमा समोरच बसलेली. मला जे विचारायचं होतं ते विचारायला धीर होत नव्हता, तरी विचारलं, बाळा, हा ईमेल अब्बूंना कुणी काढून दिला? ती म्हणाली, मीच. पत्रही मीच टाईप केलं होतं. आलेलं उत्तर मीच त्यांना वाचून दाखवलं.

"मग तू आलीस कशी माझ्या घरी राहायला?"

"मी न्हाईच म्हणत होते चाचा. लई भांडले अब्बूंशी." ती पातेल्याकडे पाहत होती. "ते म्हणाले, त्यानं पातेल्यावर बी स्वतःचंच नाव घातलं होतं. दाल तर त्यातच शिजते ना आपली?"

महेबूब, मला तुझा राग आला. अजूनही येतो. एकदा तरी दोन शिव्या द्यायच्यास. स्टेजवर येऊन शाल ओढायचीस. मी दोन वर्षं तुझ्या पोरीपुढे चोरासारखा वावरलो, आणि ती सोळा-सतरा वर्षांची पोरगी सगळं माहीत असून मला म्हणायची, चाचा, पंखा राहू द्या, तुम्हालाच उकडतंय. तुझ्या कानाचा मला हेवा होता, अक्षराचा होता, जगभरून येणाऱ्या पत्रांचा होता. ते सगळं मी कसंबसं पचवलं असतं. पण एवढं मोठं प्रकरण समासात दोन शब्दांत मिटवून पुढचा कागद घ्यायचा, हे तुला कुठल्या शेडमध्ये शिकवलं? त्याचा हेवा मी कुठल्या भांड्यात शिजवू?

नांदेडहून परत येताना एसटी लोह्यात थांबली. तुझं ऑफिस रस्त्यावरून दिसत नाही, तरी मी खिडकीतून पाहत राहिलो. अहमदपूर मागे पडेपर्यंत माझं पत्र मनात तयार होतं. घरी पोचल्यावर मास्तराला लिहिलं. तुझ्यासारखंच, पावतीच्या भाषेत. सत्तेचाळीस नंबरचा टोन माझा नाही. मी खोटे नाव घातले. बनवणारा महेबूब, नांदेड. टोनचे नाव पत्रा. बनवणारा आता हयात नाही. आपले नाव त्याने आपल्या आईस सांगितले होते.

काल त्याचं उत्तर आलं. म्हातारा झालाय, हात थरथरतात म्हणतो, पण पुढच्या आवृत्तीत नाव बदलतो. त्याला आणखी एक ओळ हवी आहे, पत्रा म्हणजे काय, हा कसला आवाज, ते जगाला कळावं म्हणून. माझं इंग्रजी तिथे संपलं. मग सायमाला फोन केला. तिनं सांगितलं आणि मी टाईप केलं, की उन्हं चढल्यावर हे घर बोलतं, ऐकून बाहेर येऊ नका.

दोन्ही पत्रांची प्रिंट काढली. भोकं पाडताना पंचमशीन एकदा चुकलं, म्हणून एका कागदाला तीन भोकं आहेत, तेवढं चालवून घे. त्या मे महिन्याच्या कागदाच्या बरोबर वर टॅगला बांधलंय. डावीकडे समास सोडलाय, तुमच्या ऑफिसात सोडतात तेवढा. मला शेरा मारता येत नाही, आणि मारायचा अधिकारही माझा नाही. तुझं निळं पेन फाईलच्या खिशात आहे, ते मी तसंच ठेवलंय.

तुझा,
दिगंबर

(नाव शेवटी घातलंय. ही चोरी नाही, हे पत्र माझंच आहे.)